कोपरा आणि मध्य : व्यावसायिक कबड्डीतील बचावपटूची कारकीर्द

कबड्डीत बचावपटूचे काम समोरचा चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत आला की सुरू होते आणि जास्तीत जास्त ३० सेकंदांत संपते. सामना ४० मिनिटांचा असतो. प्रत्येक चढाई पूर्ण वेळ चालली तर दोन्ही संघांच्या मिळून ८० चढाया होतात, म्हणजे एका संघाच्या बचावाला ४० वेळा उभे राहावे लागते. या ४० पैकी बहुतेक वेळा एखादा विशिष्ट बचावपटू कोणालाही धरत नाही. तो एक पाऊल पुढे येतो, दोन पावले मागे सरकतो, शेजाऱ्याचा हात घट्ट धरतो, सोडतो आणि चढाईपटू रिकाम्या हाताने परत जाताना पाहतो. गुणफलकावर यातले काही उमटत नाही. बचावपटूच्या कारकिर्दीचा विचार करताना ही न दिसणारी मेहनत आधी लक्षात घ्यावी लागते, कारण त्याची निवड, त्याचा लिलावातला भाव आणि तो किती वर्षे टिकतो या सगळ्याचा उगम तिच्यात आहे.

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा. दोन्ही बाजूंना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र असते. चढाईपटूला कोणाचा स्पर्श झाला की तेही खेळाच्या हद्दीत येते, आणि झटापटीला अचानक दोन मीटर जास्त जागा मिळते. या आखणीत सात जण उभे राहतात. डाव्या आणि उजव्या टोकाला दोन कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या बाजूला बाकीचे आणि मधोमध मध्यरक्षक, ज्यांना आता सर्रास कव्हर म्हणतात. सातांतले दोन-तीन जण मुळात चढाईपटूच असतात. ते बचावात जागा भरतात, साखळीला हात देतात. खरी पकड ज्यांच्याकडून अपेक्षित असते ते चार : दोन कोपरे आणि दोन कव्हर.

कोपऱ्याचे आणि कव्हरचे काम वेगळे, आणि दोघांचे स्वभावही बहुधा वेगळेच सापडतात. कोपरारक्षक खाली वाकून खेळतो. त्याची नजर चढाईपटूच्या पायांवर असते. बोनससाठी किंवा स्पर्शासाठी पाय पुढे आला की घोटा धरायचा, जमले तर मांडी. कव्हर सहसा उभ्याने खेळतो. चढाईपटू परत वळला, त्याचे वजन एका पायावर गेले की त्याला छातीने आडवायचे, धडक देऊन मैदानाबाहेर काढायचे किंवा मागून कंबर धरायची. कोपऱ्याने घोटा धरला तरी एकट्या त्याच्या ताकदीवर ८० किलोचा धावणारा माणूस थांबत नाही. अर्ध्या सेकंदात कव्हर येऊन पडला तरच पकड पूर्ण होते. नोंदीत गुण कोपऱ्याच्या नावावर जातो. कव्हरच्या वाट्याला त्या वेळी खरचटलेले कोपर येते. उलटही घडते. कोपऱ्याने चढाईपटूला आत ढकलले, वाट बंद केली, आणि धडक देणाऱ्या कव्हरच्या खात्यात गुण जमा झाला.

चूक मात्र लगेच मोजली जाते. पकड फसली की चढाईपटूने ज्यांना स्पर्श केला ते सगळे बाद होतात आणि तितके गुण समोरच्या संघाला मिळतात. बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो, आणि आपला संघ गुण मिळवील तसे बाद झाल्याच्या क्रमाने एकेक जण परत येतो. त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत घाईने उडी मारणारा कोपरारक्षक पुढची पाच मिनिटे बाकावरून आपल्याच कोपऱ्यात दुसऱ्याला फसताना पाहू शकतो. प्रशिक्षक तरुण बचावपटूला सगळ्यात जास्त ओरडतात ते या घाईवरून. ताकद कमी पडली म्हणून रागावणारे प्रशिक्षक क्वचित असतात. आत तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेल्या पकडीला एक जादा गुण मिळतो. मराठी वृत्तपत्रे तिला ‘अव्वल पकड’ म्हणतात. संघ लोणाच्या, म्हणजे सगळे बाद होण्याच्या, उंबरठ्यावर असताना डोके शांत ठेवणारा बचावपटू इथे कळतो, आणि निवड समितीच्या वहीत त्याच्या नावापुढे खूण होते ती बहुधा अशाच एखाद्या पकडीनंतर.

बचाव आणि चढाई यांच्या आकड्यांतली तफावत प्रो कबड्डी लीगच्या नोंदींत उघड दिसते. २०१७ च्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या परदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण मिळवले, एकाच सामन्यात ३४. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, यूपी योद्धाच्या नितेश कुमारने पकडींचे १०० गुण पूर्ण केले आणि एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू ठरला. एका सामन्यातील पकडींची मोठी नोंद इराणच्या मोहम्मदरेझा शादलूची : १६ गुण, २०२२ मध्ये, दबंग दिल्लीविरुद्ध. एखाद्या बचावपटूने सामन्यात पाच पकडगुण मिळवले तर त्याला ‘हाय फाइव्ह’ म्हणून गौरवतात. चढाईपटूसाठी तोच मान दहा गुणांना आहे. म्हणजे लीगनेच बचावाचा एक गुण चढाईच्या दोन गुणांइतका दुर्मीळ मानला आहे, आणि हा हिशेब फारसा चुकीचा नाही.

अशा नोंदींपर्यंतची वाट गावापासून सुरू होते. सांगली जिल्ह्याचेच पाहा. हा कबड्डीचा जुना जिल्हा आहे, पण त्याची बाहेर पोहोचलेली नावे चढाईची. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके २०१५ मध्ये प्रो कबड्डीतला सर्वोत्तम चढाईपटू ठरला. सांगलीचा नितीन मदने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या भारतीय संघात होता, तोही चढाईपटूच. कृष्णाकाठच्या वाळवा-मिरज भागात उसाबरोबर तालमी आणि मंडळेही वाढली. जिल्ह्याच्या पूर्वेला, मिरज-पंढरपूर मार्गावरचा कवठे महांकाळ तालुका मात्र दुष्काळी पट्ट्यातला. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे कृष्णेचे पाणी इकडे पोहोचल्यावर द्राक्षबागा वाढल्या. त्याआधी आणि त्यानंतरही मोकळे माळ, शाळांची पटांगणे आणि जत्रा एवढीच खेळाची साधने होती. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनासारखी मोठी यात्रा याच तालुक्यात भरते. यात्रा-उरुसाच्या दिवसांत कुस्तीचे फड लागतात आणि गावोगावी कबड्डीचे सामनेही. कुस्तीचे वळण अंगात मुरलेला मुलगा कबड्डीत आला तर त्याला बहुधा बचावात उभे करतात. पायात घुसणे, कमरेला मिठी मारून पकड न सोडणे हे त्याला शिकवावे लागत नाही. त्याला शिकवावे लागते ते थांबणे. फडात पहिली चाल करणारा वरचढ ठरू शकतो, कोपऱ्यात पहिली चाल करणारा बहुधा फसतो.

अशा तालुक्यातल्या मुलाचा प्रवास शालेय स्पर्धांतून सुरू होतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या असतात. सांगली जिल्हा कोल्हापूर विभागात येतो, आणि विभागीय सामन्यांत कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या मुलांशी गाठ पडते. याला समांतर अशी संघटनेची वाट आहे : किशोर, कुमार आणि वरिष्ठ गटांची जिल्हा निवड चाचणी, मग महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनची राज्य अजिंक्यपद स्पर्धा आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याचा संघ. गटांना वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. किशोरांना ५५ किलो, कुमारांना ७०, वरिष्ठ पुरुषांना ८५. ही मर्यादा बचावपटूला चढाईपटूपेक्षा जास्त अडचणीत आणते. धडक आणि कंबरेची पकड वजनावर चालते, म्हणून प्रत्येक कव्हरला मर्यादेच्या अगदी काठावर राहायचे असते. चाचणीच्या आधीचे दोन दिवस उपाशी काढून काट्यावर चढणारी मुले प्रत्येक जिल्ह्यात भेटतात, आणि त्यांच्यातली काही त्याच दिवशी दुपारी पाय लटपटत असताना खेळतात. तालुक्याला आहारतज्ज्ञ मिळण्याची सोय नाही. क्रीडाशिक्षक सांगतील ते आणि घरात शिजेल ते.

दुसरी अडचण पृष्ठभागाची. गावातले सामने मातीवर होतात, वरच्या पातळीचे मॅटवर. मातीवर पाय थोडा सरकतो, त्यामुळे घोटा पकडला की चढाईपटूचा तोल चटकन जातो. मॅटवर बूट घट्ट रुततो आणि तोच चढाईपटू धरलेल्या पायासकट मध्यरेषेपर्यंत खेचत जातो. मातीवर नाव कमावलेल्या कोपरारक्षकाचे पहिले वर्ष मॅटवर खराब जाते ते यामुळे. पकड कुठे संपवायची याचा आडाखा त्याला नव्याने बांधावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सरावाची मॅट असली तरी कवठे महांकाळहून रोज सांगलीला जाऊन-येऊन सराव करणे शाळकरी मुलाला परवडत नाही. म्हणून चांगला बचावपटू पंधरा-सोळाव्या वर्षी क्रीडा प्रबोधिनीत, एखाद्या मोठ्या मंडळात किंवा पुण्या-मुंबईला नातेवाइकांकडे जातो. ज्याला जाता येत नाही त्याचा खेळ यात्रांच्या सामन्यांपुरता राहतो.

महाराष्ट्रातल्या बचावपटूच्या कारकिर्दीला आजही आधार आहे तो नोकरीचा. प्रो कबड्डी येण्याच्या कितीतरी आधीपासून स्पर्धांच्या पत्रिकेत ‘व्यावसायिक गट’ असायचा आणि त्यात पोलीस, रेल्वे, बँका, तेल कंपन्या, एअर इंडिया, महिंद्र यांचे संघ उतरायचे. खेळाडू म्हणून भरती, महिन्याला पगार, सकाळ-संध्याकाळ सराव आणि खेळ संपल्यावरही टिकणारी खुर्ची, हे या व्यवस्थेचे सूत्र. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि कबड्डीपटूंच्या घरात त्याची चर्चा चषकांपेक्षा जास्त होते. लीगमध्ये लाखो रुपये मिळवणारे अनेक जण आजही कुठल्या तरी खात्याचे किंवा कंपनीचे कर्मचारी असतात. लीगचा हंगाम काही महिन्यांचा, करार एक-दोन वर्षांचा, गुडघा मात्र एकच. हा हिशेब बचावपटूच्या आईवडिलांना चटकन समजतो.

प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झाली, आठ संघांनिशी. त्या वर्षीच्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती, पाटणा पायरेट्सने राकेश कुमारवर लावलेली. २०१६ मध्ये सर्वांत महागडा खेळाडू ठरला तो एक बचावपटू : मोहित छिल्लर, बंगळुरू बुल्स, ५३ लाख. २०१८ मध्ये यू मुंबाने इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली याच्यासाठी एक कोटी मोजले आणि लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडूही बचावातलाच ठरला. आज बारा संघ आहेत. लिलावातल्या खेळाडूंचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. दहाव्या हंगामात त्यांची मूळ किंमत अनुक्रमे ३०, २०, १३ आणि ९ लाख होती. नव्या तरुण खेळाडूंना संघ आधीच वेगळ्या योजनेतून घेतात. त्याच दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतले. त्याने हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले आणि पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद जिंकले. पुढच्या हंगामात तोच शादलू हरयाणाकडे गेला आणि हरयाणा विजेता ठरला. संघमालकांना बचावाचे मोल समजायला दहा वर्षे लागली, पण समजले.

पैसा एका नावावर लागत असला तरी बचाव जोडीनेच चालतो, आणि जाणते प्रशिक्षक जोड्या विकत घ्यायचा प्रयत्न करतात. २०१५ मध्ये यू मुंबाच्या विजेतेपदात मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा हे दोन कोपरे होते. २०१७ मध्ये हे दोघे हरयाणा स्टीलर्ससाठी पुन्हा एकत्र खेळले. परवेश भैंसवाल आणि सुनील कुमार या कव्हर जोडीने गुजरातच्या संघाला २०१७ आणि २०१८ अशा लागोपाठ दोन अंतिम सामन्यांपर्यंत नेले. पुढे दोघे वेगळे झाले, सुनीलच्या नेतृत्वाखाली जयपूर २०२२ मध्ये विजेता ठरला, आणि २०२४ मध्ये यू मुंबाने सुनीलवर कोटीहून जास्त खर्च करून ही जोडी परत जुळवली. कोण आधी हलणार, कोण मागून येणार, कोणता इशारा खरा आणि कोणता चढाईपटूला फसवण्यासाठी, हे दोघांमध्ये ठरायला एक-दोन हंगाम जातात. म्हणून दरवर्षी संघ बदलणाऱ्या बचावपटूचे आकडे घसरलेले दिसले तर दोष नेहमी त्याचाच असतो असे नाही. चढाईपटू मध्यरेषा एकटाच ओलांडतो. त्याला नव्या संघात रुळायला फार वेळ लागत नाही.

बचावपटू घडायला वेळ लागतो, हा नियम कबड्डीपुरता नाही. आइस हॉकीतला बचावपटूही असाच उशिरा पिकतो. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये अठरा वर्षांच्या मुलांची वार्षिक निवड होते आणि तिथे बचावपटूंबाबत निवडकर्ते हमखास चुकतात. स्वीडनचा निकलास लिडस्ट्रॉम १९८९ मध्ये ५३ व्या क्रमांकावर निवडला गेला. सर्वोत्तम बचावपटूला मिळणारा नॉरिस करंडक पुढे त्याने सात वेळा जिंकला. स्लोव्हाकियाचा झडेनो चारा १९९६ मध्ये ५६ वा होता. तो २०२२ पर्यंत, वयाच्या ४५ व्या वर्षापर्यंत खेळला आणि बचावपटूंमध्ये सर्वाधिक सामन्यांचा मानकरी झाला. बॉबी ऑरने मात्र आठ वर्षे सलग नॉरिस जिंकला आणि गुडघ्यांनी त्याची कारकीर्द तिशीतच संपवली. उशिरा फुलणे, दीर्घ टिकणे आणि गुडघ्याची टांगती तलवार, ही तिन्ही लक्षणे कबड्डीच्या मॅटवरही जशीच्या तशी दिसतात.

टिकण्याचे मोठे भारतीय उदाहरण तमिळनाडूच्या धर्मराज चेरलाथनचे. १९७५ मध्ये जन्मलेला हा कोपरारक्षक २०१६ मध्ये झालेल्या दोन हंगामांपैकी दुसऱ्यात पाटणा पायरेट्सचा विजेता कर्णधार होता आणि २०१९ मध्ये, ४४ व्या वर्षी, लीगमध्ये खेळत होता. त्या वयात चढाईपटू राहणे अशक्यप्राय आहे. चढाईला लागतो तो वेग, आणि वेग तिशीनंतर कमी होतो. कोपऱ्याला लागतो तो अंदाज, आणि तो वाढत जातो. महाराष्ट्राच्या गिरीश एर्नाक आणि विशाल माने यांच्या कारकिर्दींतही हा क्रम दिसतो. माने हा यू मुंबाच्या सुरुवातीच्या हंगामांतला विश्वासाचा कव्हर. एर्नाक हा डाव्या कोपऱ्यातला, २०१७-१८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी विजेतेपद मिळवणाऱ्या महाराष्ट्र संघाचा आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतल्या भारतीय संघाचा खेळाडू. त्या स्पर्धेत भारत उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ असा हरला, आणि १९९० पासूनचे सुवर्ण पहिल्यांदाच हुकले. इराणचा विजय त्याच्या बचावफळीने घडवला होता. पुढच्या पिढीत कोकणातला उजवा कोपरारक्षक शुभम शिंदे २०२४ च्या उपविजेत्या पाटणा संघात दिसतो.

महिला बचावपटूंची कारकीर्द वेगळ्याच चौकटीत आहे. त्यांचे मैदान १२ बाय ८ मीटरचे, आणि त्यांच्या वाट्याला व्यावसायिक लीग जवळजवळ आलेलीच नाही. २०१६ मध्ये तीन संघांची एक प्रायोगिक महिला स्पर्धा प्रो कबड्डीबरोबर झाली, पुढच्या वर्षी ती झाली नाही. महाराष्ट्राच्या मुली राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर सातत्याने खेळल्या, अभिलाषा म्हात्रेला अर्जुन पुरस्कार मिळाला, पण त्यांच्यासाठी ‘व्यावसायिक’ म्हणजे आजही रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या कंपनीची नोकरी. पुरुषांच्या लिलावाचे आकडे वाचताना ही दुसरी बाजू नजरेआड होऊ नये.

शेवटची वर्षे बचावपटूला शरीराकडून कळतात. खांदा निखळणे, बोटे वाकडी होणे, गुडघ्यातला आधारबंध तुटणे हे या जागेचे नेहमीचे आजार. कव्हर धडक देतो तेव्हा त्याचा खांदा आणि कोपरा पायाला बिलगतो तेव्हा त्याची बोटे व गुडघा धोक्यात असतात. शस्त्रक्रियेनंतर परत आलेला बचावपटू पहिल्या काही सामन्यांत धडक टाळतो, हे समोरच्या चढाईपटूला एका चढाईत कळते आणि तो त्याच बाजूने येऊ लागतो. हा टप्पा ओलांडला तर आणखी चार-पाच हंगाम मिळतात, नाही तर खात्याच्या संघात दोन वर्षे आणि मग कार्यालयीन काम.

खेळ संपल्यावर प्रशिक्षकपदाची वाट बचावपटूंना चांगली मानवते, कारण त्यांनी अनेक वर्षे संपूर्ण मैदान मागून पाहिलेले असते. मनप्रीत सिंगने २०१६ मधल्या पहिल्या हंगामात पाटण्याला कर्णधार म्हणून आणि २०२४ मध्ये हरयाणाला प्रशिक्षक म्हणून विजेतेपद मिळवून दिले. जोगिंदर नरवालने दबंग दिल्लीबाबत तेच केले, २०२१-२२ च्या हंगामात कर्णधार आणि २०२५ मध्ये प्रशिक्षक म्हणून. तालुका पातळीवर याची छोटी आवृत्ती सतत चालू असते. नोकरीतून सुट्टीवर गावी आलेला जुना कोपरारक्षक संध्याकाळी शाळेच्या पटांगणात मुलांना उभे करतो आणि बहुतेक वेळ त्यांना पकड न करता कोपऱ्यात उभे राहायला लावतो.